नखं चिकटवायची की जपायची? पार्लरवाल्या ताईंनो, कर्ज उचलण्याआधी हे वाचा

ताईंनो, आता खेडेगावातल्या नवरीसुद्धा मोबाईलवर फोटो दाखवून विचारतात, "अशी लांब नखं तुमच्याकडं होतील का?" मग पार्लर चालवणाऱ्या ताईला वाटतं, गटातून कर्ज काढावं, जेलचं किट आणि मशीन आणावं. विचार वाईट नाही. पण बैठकीत अर्ज ठेवण्याआधी दोन्ही बाजू समजून घ्या.

कृत्रिम नखं म्हणजे काय?

तीन प्रकार आहेत. पहिला, तयार प्लॅस्टिकची नखं चिकटपट्टीनं किंवा गोंदानं लावायची. दुसरा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पावडर आणि उग्र वासाचं द्रव एकत्र करून नख घडवायचं. तिसरा जेल. तो लावून दिव्याखाली वाळवावा लागतो. जेल आणि अ‍ॅक्रिलिक खालचं नख वाढत जाईल तसं पुढं सरकतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यावं लागतं, नाहीतर नीट काढावं लागतं.

खरी अडचण इथंच आहे. लग्न झालं की नवरी सासरी जाते. काढायला परत कोण येणार? मग ती दातानं, ब्लेडनं ओढून काढते आणि आपल्या नखाचा वरचा थर सोबत निघतो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. म्हणजे खराब झालेलं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. तोवर ती तुमच्या नावानं बोटं मोडणार.

शिवाय आपल्या बायकांचे हात सतत पाण्यात, शेणात, मातीत. चिकटवलेलं नख कडेला थोडं जरी उचकटलं तरी आत ओल राहते. मग बुरशी किंवा जंतू धरतात, जंतूंमुळं नख हिरवं पडतं.

जास्त धोका करणारीला

जेल-अ‍ॅक्रिलिकचं कच्चं रसायन कातडीला वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी येऊ शकते. बोटं खाजतात, फुटतात, पापण्याही सुजतात. ही अ‍ॅलर्जी एकदा आली की सहसा जन्मभर राहते. पुढं दातात सिमेंट भरताना किंवा हाडाच्या ऑपरेशनला तसलीच रसायनं वापरली तरी त्रास होऊ शकतो. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा हे लावतं, तुम्ही रोज हाताळणार. साध्या पातळ हातमोज्यातून हे रसायन काही मिनिटांत आत जातं. युरोपात जेलमधलं टीपीओ नावाचं एक रसायन 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केलं आहे. म्हणून ज्या बाटलीवर घटकांची यादी नाही, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

जेल काढायला अ‍ॅसिटोन लागतं. ते पटकन पेट घेतं. चूल, गॅस, देवाजवळचा दिवा असलेल्या खोलीत ते उघडू नका.

हिशोब मांडून बघा

समजा, किटसाठी 8,000 रुपये घेतले. शेकडा 1 रुपया व्याज, 10 हप्ते. पहिला हप्ता 880 रुपये. सामान जाऊन एका गिऱ्हाइकामागं 200 रुपये उरले, तर नुसता हप्ता फेडायला महिन्याला पाच गिऱ्हाइकं पाहिजेत. लग्नसराईत ती मिळतील. पण चातुर्मासात लग्नं थांबतात. सोयाबीन काढणीच्या वेळी तर नखं करून घ्यायला कुणाला सवड? हप्ता मात्र थांबत नाही. वर लाईट गेली की मशीन बंद. तुमच्या गावचे आकडे टाकून हाच हिशोब करा.

नख जपण्याचं काम

याला भांडवल थोडं लागतं. नेलकटर, फाईल, मऊ ब्रश, खोबरेल तेल, स्पिरिट. नखं सरळ कापायची. फाईल एकाच दिशेनं फिरवायची. मुळाजवळची पातळ कातडी कापायची नाही, ती जंतू अडवते. कोमट पाण्यानं ती मऊ करून फक्त मागं सारायची. शेवटी तेल चोळायचं. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर अवजारं साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसायची. पायाच्या भेगांची सेवाही सोबत द्या, शेतातल्या बायका त्यासाठी येतील.

यात आणखी एक मोठं काम होतं. उघडं नख तब्येत सांगतं. नख पांढरट, पातळ, चमच्यासारखं खोलगट दिसलं तर रक्त कमी असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. अशी बाई आली तर "आशाताईला भेटा, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा" एवढं सांगा. नख काळं पडलं असेल, जाड झालं असेल, दुखत असेल, तर त्यावर रंग लावू नका, डॉक्टरकडं पाठवा.

मग करायचं काय?

आमचं म्हणणं असं. नख जपण्याचं काम बारमाही ठेवा. नवरीला हौस असेल तर चिकटपट्टीवाली तयार नखं लावा. दोन दिवस मिरवा, कोमट साबणपाण्यात बोटं बुडवून हळूच काढा. दवाखान्यात काम करणाऱ्या, शाळेत आहार शिजवणाऱ्या आणि ऑपरेशन किंवा बाळंतपण जवळ आलेल्या बायकांना कृत्रिम नखं लावूच नका. त्यांत जंतू साठतात. बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात, तो आकडाही चुकू शकतो.

जेल करायचंच असेल तर आधी शिका, मग कर्ज घ्या. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, पार्लरचं प्रशिक्षण मोफत मिळतं. पुढची तुकडी कधी आहे आणि त्यात नखांचं काम शिकवतात का, हे सीआरपी ताईंकडून विचारून घ्या.

आणि गटातल्या बाकीच्या मैत्रिणींनो, अर्ज आला की नुसती सही करू नका. तीन प्रश्न विचारा: शिकलीस कुठं? पावसाळ्यात हप्ता कशातून भरणार? लावलेलं काढून कोण देणार? तिन्हीची उत्तरं नीट मिळाली, तर खुशाल कर्ज द्या.