स्वयंभू गंधाराचं गाव

तानपुऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी पितळेची, खर्जाची. गंधार यातल्या एकाही तारेत लावलेला नसतो. तरीही नीट जुळलेला तानपुरा शांत खोलीत छेडावा, खर्जाची तार सुटू द्यावी आणि जरा थांबावं. वर कुठेतरी स्वच्छ गंधार बोलू लागतो. कुणी गात नसतं, कुणी तो वाजवलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार हातानं घडवणारे कारागीर, तो ओळखणारे श्रोते आणि त्याच्या आधारानं रात्र रात्र गाणारे कलावंत, सगळे एकाच लहानशा शहरात सापडतात. ते शहर म्हणजे सांगलीला खेटून असलेलं मिरज.

आधी गंधाराचं गणित पाहू. समजा, खर्जाची तार सेकंदाला 70 वेळा कंप पावते. कुठलीही तार एकाच गतीनं हलत नाही; ती अख्खी हलते, त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलते. म्हणजे 70 सोबत 140, 210, 280, 350 अशी कंपनं, म्हणजे स्वरांश, एकाच तारेत नांदतात. 140 आणि 280 हे वरचे षड्ज, 210 हा पंचम. आणि 280च्या षड्जाला 350 चं नातं 4 ला 5 असं, म्हणजे शुद्ध गंधाराचं. षड्जाच्या पोटात गंधार जन्मापासूनच असतो! पण तो तर प्रत्येक वाद्याच्या तारेत असणार. मग गिटारच्या तारेतून तो असा ठसठशीत का ऐकू येत नाही?

याचं उत्तर घोडीत आहे. भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेल्या या पट्टीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण तो अगदी सूक्ष्म गोलाई देऊन उतरता केलेला असतो. तार एका कडेवर टेकून थांबत नाही. ती त्या उतारावर लोळते. प्रत्येक कंपनात तिचा टेकायचा बिंदू पुढेमागे सरकतो आणि ती घोडीला हलकेच चाटून जाते. त्या स्पर्शानं तारेतली शक्ती सतत वरच्या स्वरांशांकडे वळत राहते. तारेखाली सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका कुठे व्हावा ते ठरवतात. धागा केसभर हलला तरी तानपुरा मुका होतो किंवा खुलतो. या साऱ्या व्यवस्थेला जवारी म्हणतात.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या गोष्टीनं भुरळ घातली होती. 1921 मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो, ते स्वरांश उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम आहे. मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गप्प राहायला हवेत. तानपुऱ्यात ते खणखणीत बोलतात, हे रामन यांनी दाखवून दिलं. नोबेल मिळायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. पुस्तकातला नियम ज्या घोडीनं वाकवला, ती पिढ्यान् पिढ्या केवळ कानावर विसंबून घासली जात होती, हे मला या सगळ्यात सर्वांत थोर वाटतं.

मिरजेत ही घासणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊबंद मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानी फौजांचे दिवस सरले, हत्यारांचं काम आटलं आणि धातूवर बसलेला तो हात लाकडाकडे वळला. पुढे या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. भोपळा केवढा, यावर तानपुऱ्याचा घुमारा ठरतो. त्यावर दांडी, तबली, खुंट्या चढतात. आणि अगदी शेवटी जवारी: कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. मोजपट्टी नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते उशिरा मिळालं, पण अगदी रास्त.

कारागिराचा कान तयार व्हायला गाणंही तितक्याच तोलाचं लागतं. ते मिरजेला भरभरून मिळालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. बालगंधर्वांनी 1905 मध्ये रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं ते मिरजेत. पुणे आणि धारवाड-हुबळी यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरचं हे जंक्शन, त्यामुळे गवयांची ये-जा सदाचीच. आणि मग आले किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब इथे राहिले, रमले. वाद्यं दुरुस्त करण्यात ते स्वतः तरबेज होते आणि तानपुरा मनासारखा जुळल्याशिवाय सूर लावत नसत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचा अभ्यास केला तो त्यांच्याच गळ्याच्या साक्षीनं. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनावर त्यांचं देहावसान झालं. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात झालं.

त्याच आवारात, चिंचेच्या झाडाखाली, दरवर्षी उरुसात संगीतसभा भरते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा किराण्याच्या वारसांनी इथे हजेरी लावली. हजेरी हाच इथला शब्द; कलावंत बिदागीसाठी येत नाहीत, सेवा म्हणून गातात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असाच संगीत महोत्सव होतो. एकाच गावाचे तेच श्रोते दर्ग्यातही बसतात आणि देवळातही. या श्रोत्यांत तानपुरे घडवणारे असतात, हे विसरू नये. मंचावरचा तानपुरा उतरला, तर गवयाच्या आधी ते त्यांना कळतं. मोठ्या शहरातलं वातानुकूलित सभागृह दहापट श्रोते गोळा करील, पण असे श्रोते त्याला कुठून मिळणार?

हल्ली पेटीतला विजेवरचा तानपुरा सर्रास वापरतात. रियाजाला तो सोयीचा, मान्य. पण तो तेच आवर्तन पुन्हा पुन्हा म्हणतो. खऱ्या तारेची प्रत्येक छेड निराळी, बोटाच्या दाबागणिक, हवेतल्या दमटपणागणिक बदलणारी. त्या बदलाशी गवयाचा गळा क्षणोक्षणी जुळवून घेतो, आणि प्रत्यक्ष मैफलीत आपण खरं तर तेच ऐकायला गेलेलो असतो.

म्हणून उरुसात एकदा मिरजेला जाच. कर्ण्यांपासून दूर आणि मंचाच्या जवळ बसा, आणि पहिली काही मिनिटं गवयामागच्या तानपुऱ्यांकडे कान द्या. घरात आजीचा एखादा तानपुरा गवसणीत पडून असेल, तर तोही बरोबर न्या. जवारी काढून देणारे हात मिरजेत अजून आहेत. त्यांना काम मिळत राहिलं पाहिजे.