‘पोलीस अ‍ॅक्शन’ : लष्करी मोहिमेला पोलिसी नाव का?

वेरूळपासून चार-पाच किलोमीटरवरील खुलताबाद औरंगजेबाच्या कबरीमुळे सर्वांना ठाऊक असते. परंतु हैदराबादच्या असफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम हाही तेथेच चिरविश्रांती घेत आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. त्याचा मृत्यू १७४८ मधला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, त्याने उभारलेली राजवट अवघ्या पाच दिवसांत कोसळली. रणगाडे आणि विमाने वापरून झालेल्या या लष्करी मोहिमेला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. या नावामागे एक वर्षाच्या मुत्सद्देगिरीचा इतिहास दडलेला आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा वेरूळ स्वतंत्र भारतात नव्हते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड जिल्ह्यांच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे सैन्य होते, स्वतःची रेल्वे आणि ‘हाली सिक्का’ हे स्वतःचे चलन होते. संस्थानाच्या टपाल तिकिटांवर अजिंठा आणि दौलताबाद झळकत असत. राष्ट्राची बहुतेक बाह्य लक्षणे होती. नव्हता तो समुद्रकिनारा आणि नव्हती प्रजेची संमती. दीड कोटीहून अधिक लोकसंख्येच्या या राज्यात जबाबदार राज्यपद्धती नव्हती. सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाखाली परवानगी काढावी लागे. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी आली होती.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी सामीलनाम्यावर सही करण्यास नकार दिला. वाटाघाटींतून २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यानुसार भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत आले. दिल्लीला वाटले, वर्षभरात विलीनीकरणाचा मार्ग निघेल. निजामाच्या दरबाराला मात्र हा वेळ सज्जतेसाठी हवा होता. पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देण्यात आले, संस्थानात भारतीय चलनाच्या वापरावर निर्बंध आले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने चोरून शस्त्रे आणू लागला. भारताने हे कराराचे उल्लंघन ठरवले. उलट भारत आमची आर्थिक कोंडी करीत आहे, अशी हैदराबादची तक्रार होती.

यातून मार्ग काढण्यासाठी लॉर्ड माउंटबॅटन यांनी अखेरपर्यंत प्रयत्न केले. जून १९४८ मध्ये ते परतण्यापूर्वी तयार झालेला मसुदा संस्थानाला बराच अनुकूल होता, तरीही निजामाने तो नाकारला. त्याचे कारण संस्थानाच्या आतच होते. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार यांच्या हाती सूत्रे गेली होती. ऑक्टोबर १९४७ मध्येच रझाकारांच्या जमावाने निजामाच्या शिष्टमंडळाला दिल्लीला जाण्यापासून रोखले होते. तडजोड करण्याइतकी मोकळीक खुद्द निजामालाही उरली नव्हती. गावोगावी रझाकारांचे अत्याचार वाढत होते आणि सरहद्दीवरील कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते प्रतिकार करीत होते. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. झगडा केवळ हिंदू-मुसलमानांचा नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

त्याच महिन्यात, २१ ऑगस्टला, हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. नावाचे महत्त्व येथे कळते. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र मानले, तर भारताची मोहीम आक्रमण ठरली असती. संघराज्याचा भाग मानले, तर ती शांतता प्रस्थापित करण्याची अंतर्गत कारवाई ठरत होती. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या शब्दप्रयोगात भारताची कायदेशीर भूमिका सामावली होती. परिषदेत रामस्वामी मुदलियार यांनी हाच युक्तिवाद केला : परिषदेकडे दाद मागण्याचा अधिकार असलेले हैदराबाद हे राष्ट्रच नाही.

परिषदेत चर्चेला तोंड फुटले तो दिवस १६ सप्टेंबरचा. तोपर्यंत निकाल जमिनीवर लागत आला होता. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने शिरल्या. मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्यांनी औरंगाबाद घेतले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी संस्थानाचे सेनापती अल इद्रूस यांनी रीतसर शस्त्रे खाली ठेवली. काही दिवसांतच निजामाने तक्रार मागे घेत असल्याचे परिषदेला कळवले.

मराठवाडा १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि ते यथार्थच आहे. मात्र या विजयाला एक काळी किनार आहे. कारवाईच्या काळात व नंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुस्लिमांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असा अंदाजला. तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ या सौम्य नावाने जगापुढे भारताची बाजू सावरली. पण याच नावाआड ही हानीही दीर्घकाळ झाकली गेली.

शस्त्रे, पैसा आणि परदेशी मदतीची आशा यांवर विसंबलेल्या राजवटीला स्वतःची प्रजा मात्र आपलीशी करता आली नाही. करारासाठी मिळालेले वर्ष प्रजेला राज्यकारभारात वाटा देण्यासाठी वापरले असते, तर निजामाला सन्मानाने तडजोड करता आली असती, आणि त्यानंतरचा रक्तपातही कदाचित टळला असता.