कला आपल्या हातात, मग मान का नाही?



हातात कला असली म्हणजे काम आणि मान मिळतोच असं नाही. आधी बघितलं जातं, बाई कुठल्या वाडीतली, कुठल्या समाजाची. परदेशात कातडीच्या रंगावरून दार बंद होतं, आपल्याकडे जातीवरून. ते उघडतं कसं, हे आपल्याच जिल्ह्यात बघूया.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासी समाज चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आला. एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची, ही चित्रकथी. या कलेला सावंतवाडी संस्थानचा आधार होता. तो सुटल्यावर गावोगाव फिरायचं आणि लोक देतील ते घ्यायचं, एवढंच उरलं. कलाकाराकडे ‘मागायला आला’ अशा नजरेनं बघितलं, की पुढची पिढी त्या कलेत कशाला राहील?

परशुराम गंगावणे यांनी वाट उलटी केली. स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी चित्रांचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. त्याचं नाव ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. आता पर्यटक आणि अभ्यासक त्यांच्या अंगणात येतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कला तीच होती. ती दाखवणारा आता यजमान झाला, म्हणून बघणाऱ्याची नजर बदलली.

दुसरं उदाहरण वारली चित्रांचं. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायच्या त्या सवाष्णी. १९७०च्या दशकात हीच चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण भिंती रंगवणाऱ्या कित्येक बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावावर कायद्यानं त्या समाजाचा हक्क नोंदला गेला. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, त्याला संघटना लागते.

मग आपण काय करायचं? वस्तूवर गटाबरोबर करणारणीचं नाव आणि गाव लिहा. केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाचं ‘पहचान’ ओळखपत्र काढा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गेलात तर गिऱ्हाइकाचा फोन नंबर वहीत उतरवा. ती वही गटाची ठेवा, एकीची नको. मोठी ऑर्डर आली तर शेजारच्या गटाला वाटून द्या. उद्या त्या तुम्हाला देतील. ओळखी अशाच वाढतात.

आणि एक विचारायलाच हवं. आपल्या गावात चांगली कला असलेली, पण ‘ती त्यांच्यातली’ म्हणून गटात न बोलावलेली बाई आहे का? असेल तर पुढच्या बैठकीचं बोलावणं तिला आधी द्या. बाहेरचं दार उघडा म्हणताना आपलं दार बंद ठेवून कसं चालेल?