कुजणारी पिशवी

पूर्वी वाणी कागदाच्या पुडीत माल बांधून देई. फुलं पळसाच्या पानात मिळत. काम झाले की पान उकिरड्यावर जाई आणि त्याचे खत होई. पण पानात खाऊ फार दिवस टिकत नसे. ओल शिरली की फरसाण मऊ पडते. हवा लागली की तेल खवट होते.

प्लॅस्टिकच्या पिशवीने ओल अडवली. पण ती कुजत नाही. गटार तुंबवते. उष्ट्याबरोबर गाईच्या पोटात जाते. म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली.

मग माल टिकवील आणि नंतर कुजेल, अशी पिशवी होईल का?

आपण कपड्याला खळ घालतो. पातेल्याला लागलेली खळ वाळली की तिचा पातळ पापुद्रा निघतो. हा पिठातला स्टार्च. स्टार्च म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांची लांबच लांब माळ. अशा माळेला पॉलिमर म्हणतात. प्लॅस्टिकही पॉलिमरच. पण स्टार्चची माळ मातीतले जंतू तोडून खातात. प्लॅस्टिकची त्यांना सहसा तुटत नाही.

पापुद्र्यात खोट एकच. तो चटकन फाटतो आणि पाण्याने मऊ पडतो. त्यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. मक्याचा स्टार्च ते काही दिवस पातळ आम्लात ठेवतात. मऊ भाग विरघळतो, कठीण कण उरतात. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा, किंवा त्याहूनही लहान, असा हा कण! हे कण धुऊन पापुद्र्यात मिसळतात. त्याने पापुद्रा बळकट होतो. बाजारच्या गर्दीतून आपल्याला वळणं घेत जावं लागतं ना? तसेच ओलीला कणांना वळसे घालावे लागतात. ती आत उशिरा पोचते. खाऊ जास्त टिकतो.

पण एक ध्यानात ठेवा. कुजणारी पिशवी म्हणजे कुठेही फेकायची पिशवी नव्हे. मक्यापासून होणारे पी.एल.ए. नावाचे प्लॅस्टिक कुजायला ओल आणि साठ अंशांच्या आसपास उष्णता लागते. रस्त्यावर ते बराच काळ तसेच पडून राहते.

'कंपोस्टेबल' पिशवी करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पिशवीवर तसे छापावे लागते. कोरी पिशवी देऊन 'ही कुजते हो' असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नका. आता आपल्याला वाचता येते. पिशवी हातात घ्या आणि आधी वाचा.