आशाताईंचं नाव, ब्रिटनमध्ये नंबर वन
इंडी आणि इलेक्ट्रॉनिक संगीत कुठून सुरू करावं? मी सांगेन, कॉर्नरशॉप या बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ लावा. हो, ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसलेच! १९९७ मध्ये हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६०व्या क्रमांकावरच अडकलं. मग क्लबांमध्ये रेकॉर्ड्स वाजवणाऱ्या नॉर्मन कुकनं, म्हणजे फॅटबॉय स्लिमनं, त्याची लय वाढवली, सूर चढवला आणि खाली दणदणीत ड्रम्स घातले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेच गाणं थेट पहिल्या नंबरवर! मला मात्र मूळ गाण्यातली निवांत गिटारच जास्त भावते. रीमिक्सवर नाचून झालं की मूळ गाण्याचा अख्खा अल्बम ऐका. शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ चक्क पंजाबीत आहे.