मांजराचा आहार व चरबीचा दाह

परभणी-मनमाड लोहमार्गावरील पेडगाव आणि त्याच्या आसपासच्या गावांत ज्वारी, हरभरा, सोयाबीन यांची पोती घरातच रचून ठेवलेली आढळतात. उंदीर-घुशींपासून या धान्याची राखण करणारे मांजर हे शेतकऱ्याच्या घरचे उपयुक्त जनावर होय. बैलाच्या पेंडीचा हिशेब ठेवणारा शेतकरी मांजराच्या खाण्याचा मात्र क्वचितच विचार करतो. शिळ्या भाकरीचा काला, थोडे दूध आणि वर तेलाची धार एवढ्यावर त्याचे भागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही.

करडई हे मराठवाड्याचे जुने रब्बी पीक. अलीकडे तिचे क्षेत्र बरेच घटले असले, तरी तिचे तेल लोकांच्या आवडीचे आहे. या तेलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. माणूस किंवा कुत्रा यांच्या यकृतात या आम्लापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल तयार होते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारे विकर फारच दुर्बळ असते, ही गोष्ट १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. पुढे अमेरिकेत लिनोलिक आम्ल भरपूर, परंतु अ‍ॅराकिडोनिक आम्ल नाही, अशा आहारावर मांजरे ठेवून पाहण्यात आली. बोक्यांची प्रजननशक्ती टिकली. मांजरींना मात्र जिवंत पिल्ले झाली नाहीत. सबब हे आम्ल मांजरास प्राणिज अन्नातूनच मिळाले पाहिजे. उंदराच्या अंगात ते असते, म्हणून शिकार करणाऱ्या मांजरास त्याची उणीव सहसा भासत नाही. माळकरी घरात मांसमासळी येत नाही. तेथे मांजर कोंडून न ठेवता त्यास शिकारीस मोकळे सोडणे हाच सोपा उपाय होय.

याच आम्लापासून शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनतात. जखमेभोवती सूज येणे, ताप चढणे या दाहाच्या क्रियांत त्यांचा मोठा वाटा असतो. प्रसूतीसही तीच लागतात. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले अ‍ॅराकिडोनिक आम्लाची जागा काही अंशी घेतात, त्यामुळे दाह सौम्य होतो. मग मांजरास रोज मासळीच का घालू नये, असे कोणी विचारील. धोका आहे तो येथेच.

मांजर ज्या प्रकारची चरबी खाते, तिचा ठसा त्याच्या कातडीखालील व पोटातील चरबीवर उमटतो. माशांची मेदाम्ले हवेतील प्राणवायूने लवकर बिघडतात. उघड्या भांड्यातील तेल खवट होते तसाच हा प्रकार. शरीरात ई जीवनसत्त्व पुरेसे असेल, तर बिघाड थोपतो. तारली, बांगडा यांसारखी तेलकट मासळी रोज खाणाऱ्या मांजरात हे जीवनसत्त्व अपुरे पडते, आणि मासळी खवट झालेली असल्यास ते अधिकच लवकर संपते. मग चरबीतच दाह सुरू होतो. ती पिवळसर-तपकिरी, कठीण व गाठाळ बनते. यास पीत-चरबी रोग म्हणतात. १९५४ मध्ये मांजराच्या पिल्लांना डबाबंद खाद्य घालून हा रोग मुद्दाम उत्पन्न करण्यात आला, तेव्हा ई जीवनसत्त्वाने तो टाळता येतो असे दिसून आले.

म्हणून मासळी आठवड्यातून एक-दोनदा, ताजी व शिजवून द्यावी. खवट वासाची सुकी मासळी मुळीच घालू नये. गाभण मांजरी व वाढती पिल्ले यांना उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा कोंबडीचे मांस मधून मधून मिळावे. खच्ची केलेले, घरात बसून खाणारे मांजर लठ्ठ होते, आणि वाढलेली चरबी स्वतःच दाहकारक द्रव्ये सोडू लागते. अशा मांजराचे खाणे बेताचे असावे.

मांजर खाणे सोडते, अंग तापते, उडी मारीत नाही, पाठीस किंवा पोटास हात लागताच ओरडते, ही पीत-चरबी रोगाची लक्षणे होत. मासळी ताबडतोब बंद करावी. माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी देऊ नये. तिचा तुकडाही मांजराचा प्राण घेऊ शकतो. दुखरे मांजर माणसाळलेले असले तरी चावते, म्हणून त्यास गोणपाटात गुंडाळून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे, आणि मागील महिनाभर त्याच्या खाण्यात काय होते ते तेथे प्रथम सांगावे.