लिलावातील घराची किंमत

सैन्यातला जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. पुढे पहारेकऱ्याची किंवा तशीच एखादी नोकरी धरून तो परळ-लालबागकडे कर्जाने घर घेतो. ती नोकरी सुटली की हप्ते थकतात. त्याच्या निवृत्तिवेतनाला कायद्याचे कवच आहे. १८७१ च्या पेन्शन कायद्यानुसार धनकोच्या मागणीवरून न्यायालय ते जप्त करू शकत नाही. तारण ठेवलेल्या घराला मात्र असे कवच नाही. त्या घराची किंमत कोण व कशी ठरवतो, हे आपण पाहू.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी दाव्यावाचून तारण विकण्याचा अधिकार दिला. प्रथम ६० दिवसांची नोटीस येते. रक्कम न भरल्यास बँक ताबा घेते. मग बँकेचा अधिकृत अधिकारी मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत काढवतो आणि बँकेच्या विचाराने राखीव किंमत ठरवतो. ज्याचे घर, त्याला या ठरावात स्थान नाही.

कोणी म्हणेल, बँकेला पैसेच हवे आहेत. ती किंमत कमी का होऊ देईल? समजा, येणे ४० लाख आहे. घर ९५ लाखांस गेले, तर खर्च वगळता ५५ लाख घरमालकाचे. तेच ७० लाखांस गेले, तर त्याचे ३० लाख. बँकेला दोन्ही वेळा ४० लाखच मिळतात. मूल्यमापनातील चूक सारी सैनिकाच्या पदरी पडते, ती अशी.

अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने निवृत्त सैनिकांच्या गृहकर्जास सरकारी हमी मिळाली. तेथे असे घर लिलावास निघते तेव्हा मूल्यमापक सरकारी खाते आपल्या यादीतून नेमते. कर्ज देणाऱ्या संस्थेला तो निवडता येत नाही. आमच्या मते यातील तत्त्व घेण्याजोगे आहे.

किंमत काढताना शेजारचे नजीकचे व्यवहार, चटई क्षेत्र, मजला, इमारतीचे वय आणि पुनर्विकासाची शक्यता पाहावी लागते. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो साऱ्या विभागाचा एकच, घराच्या आतले त्याला दिसत नाही. गिरगावात एकाच गल्लीत पागडीची खोली आणि मालकीची सदनिका असते. पागडीवाला भाडेकरू असतो, मालक नव्हे. म्हणून एकीचा भाव दुसरीला लावता येत नाही. कुलूप पाहून बाहेरूनच केलेले मूल्यमापन तर अर्धेच म्हणावे लागेल.

मग कर्जदाराने काय करावे? मूल्यमापनाचा अहवाल लेखी मागावा. तो खोटा वाटल्यास स्वतंत्र मूल्यमापकाचा अहवाल व शेजारच्या नोंदणीकृत व्यवहारांचे दाखले जोडून हरकत घ्यावी. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. राखीव किमतीहून कमी किमतीस विक्री करायची, तर कर्जदाराची संमती लागते. म्हणून पुढे येणाऱ्या कागदावर न वाचता सही करू नये. येणे फिटून उरलेली रक्कम कर्जदाराची आहे, ती मागावी. मात्र सारे पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो.

घर जाणे कधी कधी टळत नाही. ते किती किमतीस जाते, याकडे तरी डोळेझाक होता कामा नये. सैनिकाच्या उरल्या आयुष्याची शिदोरी त्या एका आकड्यात असते.